लाल चिकणमाती आणि झाडांची टाकी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

पाण्यातली झाडं लावलेल्या अ‍ॅक्वेरियमच्या तळाशी लोहयुक्त चिकणमाती वापरताना जे प्रश्न हमखास पडतात, ते इथे घेतले आहेत. टाकी भरायची घाई असेल तरी पहिला प्रश्न आणि गढूळ पाण्याचा प्रश्न वाचल्याशिवाय माती टाकू नका. बहुतेक चुका तिथेच होतात.

मातीमुळे झाडांना नेमकं काय मिळतं? लोह तर खतातूनही देता येतं.

देता येतं, पण पाण्यात टाकलेलं लोह फार काळ टिकत नाही. प्राणवायू असलेल्या पाण्यात त्याचं ऑक्सिडीकरण होतं, गंजासारखे न विरघळणारे कण तयार होतात आणि ते तळाशी बसतात किंवा फिल्टरच्या स्पंजात अडकतात. म्हणून खतातलं लोह चिलेटच्या (लोहाला धरून विरघळलेलं ठेवणाऱ्या रसायनाच्या) रूपात येतं, आणि तेही ठरावीक पीएचपर्यंतच टिकतं. ईडीटीए हे चिलेट साधारण साडेसहाच्या पुढे कमकुवत पडतं, डीटीपीए हे साडेसातच्या आसपास.

खडीखालच्या मातीत वेगळंच घडतं. तिथे प्राणवायू पोचत नाही. काही जिवाणू श्वसनासाठी प्राणवायूऐवजी मातीतलं फेरिक लोह (गंजातलं, न विरघळणारं रूप) वापरतात. फेरिकचं फेरस होतं, फेरस पाण्यात विरघळतं आणि मुळं ते उचलतात. म्हणजे माती हे खत नव्हे. ते कोठार आहे, आणि त्या कोठाराचं कुलूप प्राणवायूच्या अभावातच उघडतं. हे एकदा लक्षात आलं की माती तळाशीच का हवी, तिच्यातून पाणी का खेळवायचं नाही, तिला सारखं का उकरायचं नाही, हे सगळं आपोआप उलगडतं.

किती दिवसांनी मातीतलं लोह संपतं?

संपत नाही. हिशोब करून पाहा. चांगल्या लाल मातीत वजनाच्या १० टक्के लोह धरलं, तर १ किलो मातीत १०० ग्रॅम लोह झालं. झाडांच्या १ किलो कोरड्या वजनाला साधारण १०० मिलिग्रॅम लोह लागतं. वर्षभरात टाकीतून १०० ग्रॅम कोरडा पाला छाटून काढला (ओला असताना हाच पाला १ किलोच्या आसपास किंवा त्याहून जास्त भरतो) तर त्यातून गेलं फक्त १० मिलिग्रॅम. त्यामुळे लोहाची कमतरता दिसली की आणखी माती घालणं हा उपाय नव्हे. आहे ते लोह मुळांपर्यंत का पोचत नाही, ते शोधावं लागतं.

कोणती माती घ्यायची? लाल दिसली की चालेल का?

रंगावर जाऊ नका. लाल रंग हेमॅटाइटचा, पिवळसर तपकिरी रंग गोएथाइटचा; दोन्ही लोहाचीच ऑक्साइडं. पण थोडंसं हेमॅटाइटसुद्धा भरपूर माती रंगवतं. जांभ्या दगडाच्या झिजेतून झालेली, चिकट, सेंद्रिय कचरा नसलेली माती सगळ्यात सोयीची. ती वरून खरवडून घेऊ नका. वरचे २५-३० सेमी बाजूला करून खालची घ्या, म्हणजे कुजणारा पाला, बिया, शेणखत आणि किडे टळतात. शेत, बाग, रस्त्याची कड, कारखान्याचा परिसर, भराव या जागा वर्ज्य. फळबागेतली माती विशेष टाळा. बोर्डो मिश्रणासारख्या फवाऱ्यांतून तिथे तांबं साचलेलं असतं, आणि कोळंबी व गोगलगाईंना अगदी थोडं तांबंही मारक ठरतं.

घरी आणल्यावर चार चाचण्या करा.

पहिली हाताची. लिंबाएवढा ओलसर गोळा घ्या आणि अंगठा व तर्जनीच्या मध्ये दाबत पुढे सरकवून त्याची पट्टी काढा. पट्टी ५ सेमीच्या पुढे न तुटता लोंबली, आणि बोटांना साबणासारखं गुळगुळीत लागलं, तर ती खरी चिकणमाती. अडीच सेमीच्या आत तुटली किंवा करकर लागली तर वाळू किंवा पोयटा (वाळूपेक्षा बारीक, चिकणमातीपेक्षा जाड कण) जास्त आहे.

दुसरी बरणीची. सरळ बाजूंच्या काचेच्या बरणीत एक तृतीयांश माती, वर पाणी आणि चिमूटभर धुण्याची पावडर घालून जोरात हलवा. पहिल्या मिनिटात वाळू बसते, दोनेक तासांत पोयटा, आणि त्यानंतर दिवसभर किंवा जास्त वेळ घेत बसते ती चिकणमाती. थर मोजा आणि हा नमुना फेकून द्या, टाकीत घालू नका.

तिसरी व्हिनेगरची. कोरड्या मातीवर चमचाभर ओता. फसफसली तर चुना आहे. तो पाण्याची कठीणता आणि पीएच वाढवत राहील.

चौथी सगळ्यात महत्त्वाची. एक भाग माती, पाच भाग टाकीत वापरणार तेच पाणी, बाटलीत ४८ तास. मग वरचं पाणी कॉफीच्या फिल्टर कागदातून गाळून अमोनिया, पीएच आणि कठीणता तपासा. गाळलं नाही तर गढूळपणामुळे रंग चुकीचा दिसतो. अमोनिया ठळक दिसला तर त्या मातीत सेंद्रिय भाग आहे. ती बदला.

गेरू, विटेची भुकटी, कुंभाराची माती, मुलतानी, काळी माती: यातलं काय चालतं?

विटेची भुकटी नको. भट्टीत चिकणमातीची रचना मोडते, लोह घट्ट हेमॅटाइट होऊन बसतं आणि पोषक द्रव्यं धरण्याची ताकदही जाते. उरते ती फक्त लाल खडी. बाजारचा गेरू बऱ्याचदा रंग मिसळून येतो, त्यामुळे खात्री नसेल तर दूर ठेवा. कुंभारकामाची तयार टेराकोटा माती चांगली असते, पण पाकिटातल्या मातीत पांढरे डाग येऊ नयेत म्हणून बेरियम कार्बोनेट घालण्याची पद्धत आहे आणि ते विषारी आहे. घटक लिहिलेले नसतील तर घेऊ नका. मुलतानी मातीत लोह कमी. काळी माती पोषक द्रव्यं उत्तम धरते, पण ओली झाली की फुगते, आणि तिच्यात चुनखडीचे खडे असतात.

माती धुवायची किती वेळा?

नळाखाली धरून पाणी नितळ येईपर्यंत धुतलीत, तर चिकणमाती सगळी मोरीत जाईल आणि हातात वाळू उरेल. ही चूक फारच सर्रास होते. नितळ पाणी येतं ते चिकणमाती संपल्यामुळे.

त्याऐवजी असं करा. ढेकळं फोडून माती बादलीत तिप्पट पाण्यात रात्रभर भिजवा. काठीने ढवळून वर तरंगणारी मुळं, पानं, काड्या गाळणीने काढा. मग पातळ रबडीसारखी झालेली माती २ मिमीच्या चाळणीतून दुसऱ्या बादलीत ओता. चाळणीत राहिलेले गोटे आणि घट्ट लाल गुठळ्या टाकून द्या. त्या पुन्हा विरघळत नाहीत. (हवा लागून असं कायमचं कडक होणं हा या मातीचा स्वभावच आहे. फ्रान्सिस बुकॅनन याने १८०७ साली जांभ्याला 'लॅटेराइट' नाव दिलं ते लॅटिनमधल्या वीट या शब्दावरून, कारण लोक तो ओला असताना कापून विटांसारखा वापरत.) चाळलेली माती दोन दिवस स्थिर ठेवा, वरचं पाणी अलगद ओतून टाका, पुन्हा पाणी घालून ढवळा. असं तीनदा. शेवटी जाड कापडावर पसरून सावलीत कणकेइतकी घट्ट होईपर्यंत सुकवा.

तव्यावर किंवा ओव्हनमध्ये भाजू नका. जंतू मरतील खरे, पण गोएथाइटचं हेमॅटाइट होतं आणि जिवाणूंना ते फोडणं अवघड जातं. पूर्ण कोरडी भुकटीही नको. ती हवा धरून ठेवते आणि पाणी भरताना उसळून वर येते.

थर किती जाड? ६० सेमीच्या टाकीला किती माती लागेल?

तळ ६० × ३० सेमी धरू, म्हणजे १,८०० चौरस सेमी. या तळावर १ सेमीचा कोणताही थर म्हणजे १.८ लिटर.

तळाशी १ भाग माती आणि ४ भाग २ ते ३ मिमीची धुतलेली खडी यांचं मिश्रण पसरा. माती ०.९ लिटर, खडी ३.६ लिटर. माती खडीच्या फटींत शिरते, त्यामुळे थर दोन सेमीच्या थोडा वर जातो, अडीच भरत नाही. कणकेसारखी ओलसर माती खडीवर हाताने चोळून प्रत्येक खड्यावर लेप बसवला तर मिश्रण सारखं होतं. पाणी भरताना ते उसळतही कमी. यातच जुन्या, चालू टाकीच्या तळातला मूठभर गाळ मिसळा. लोह विरघळवणाऱ्या जिवाणूंना खायला सेंद्रिय कार्बन लागतो, आणि निव्वळ खालच्या थरातल्या मातीत तो जवळजवळ नसतो. हा मूठभर गाळ नसेल तर पहिले दोन-तीन महिने माती निपचित पडून राहते, आणि 'काहीच फरक पडला नाही' अशी तक्रार तिथूनच सुरू होते.

त्यावर ४ सेमी जाडीची साधी खडी किंवा जाड वाळू, कण १ ते ३ मिमीचे. ती ७.२ लिटर, म्हणजे साधारण ११ किलो. ५ मिमीपेक्षा मोठे कण नकोत, त्यांच्या फटींतून माती वर येत राहते. पुढच्या काचेलगत दीड-दोन सेमी पट्टीत मातीचं मिश्रण न घालता फक्त वरची खडी ठेवा. प्रकाश लागून तिथे हिरवा-निळा शेवाळ थर बसतो, तो टळतो.

मातीचा शुद्ध थर द्यायचाच असेल तर १ सेमीच्या वर जाऊ नका. चार-पाच सेमी निव्वळ चिकणमातीतून पाणी झिरपत नाही आणि वायू आत कोंडतात. मुळंही तिच्या वरच्या पृष्ठभागावर आडवी पसरतात, आत शिरत नाहीत.

पाणी भरल्यावर टाकी चहासारखी लाल झाली. आता काय?

आधी ती का होते ते पाहा. चिकणमातीचे कण २ मायक्रॉनपेक्षा लहान असतात आणि त्यांच्यावर ऋण भार असतो, त्यामुळे ते एकमेकांना ढकलतात आणि बसत नाहीत. कॅल्शियम-मॅग्नेशियम असलेल्या कठीण पाण्यात हा भार झाकला जातो, कण एकत्र येतात आणि एक-दोन दिवसांत खाली बसतात. अतिशय मृदू किंवा आरओच्या पाण्यात तीच माती आठवडाभरसुद्धा तरंगत राहते. म्हणून आरओ वापरणाऱ्यांनी भरण्याआधीच पाण्याची कठीणता ४-५ अंशांवर (कठीणता मोजायचे जर्मन अंश, dH) आणावी.

भरताना खडीवर प्लॅस्टिकचा कागद पसरा, त्यावर बशी ठेवा आणि पाणी बशीवर बारीक धारेने सोडा. ५ सेमी भरलं की थांबून झाडं लावा, मग पुढचं भरा. झाडं आधी लावल्याने भरलेल्या टाकीत खडी उकरावी लागत नाही.

तरी गढूळ झालंच तर फिल्टरमध्ये दाट पांढरी फ्लॉस (कापसासारखा गाळणीचा पदर) घाला आणि सुरुवातीला दर चार-पाच तासांनी बदला. ती मातीने भरली की पाण्याचा वेग पडतो. दुसऱ्या दिवशीही रंग राहिला तर ८० टक्के पाणी सायफनने काढा, सायफनचं तोंड पाण्याच्या वरच्या भागातच ठेवून, आणि पुन्हा बशीवर भरा. तुरटीने पाणी लगेच नितळतं, पण ती कार्बोनेट कठीणता (पीएच स्थिर ठेवणारा पाण्यातला कार्बोनेटचा भाग) खाते, पीएच पाडते आणि ॲल्युमिनियम सोडते. मासे असलेल्या टाकीत तुरटी नको.

चालू टाकीत माती घालता येते का?

थर देता येणार नाही, गोळ्या घालता येतात. घट्ट मातीच्या दीड सेमीच्या गोळ्या वळून सावलीत दोन-तीन दिवस वाळवा. लांब चिमट्यात धरून एका हालचालीत थेट काचेच्या तळापर्यंत खुपसा, बोटाने भोक बुजवा. मोठ्या इकिनोडोरसला तीन-चार गोळ्या, खोडापासून ५ सेमी अंतरावर. क्रिप्टोकोरीनच्या झुबक्याला दोन. अर्धवट खोलीवर सोडलेली गोळी विरघळून वर येते. गोळीत सावकाश सुटणाऱ्या खताचे चार-पाच दाणे कोंबले तर नत्राचीही सोय होते, मात्र अशी गोळी वर आली तर अमोनिया थेट पाण्यात सुटतो. म्हणून ती तळापर्यंत पोचलीच पाहिजे.

माती असताना खत द्यायचं नाही, असंच ना?

तसं नाही. लाल मातीत नत्र नाही, पालाश नगण्य. आणि एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: लोहाची ऑक्साइडं फॉस्फेट ओढून घट्ट धरतात. नव्या टाकीत पाण्यातलं फॉस्फेट शून्यावर येतं, पानांवर आणि काचेवर घट्ट हिरवे ठिपके पडतात, आणि दोष मातीतल्या 'जास्त खताला' दिला जातो. खरं कारण फॉस्फेट कमी पडणं. पुढे लोह विरघळू लागलं की हेच फॉस्फेट मुळांजवळ मोकळं होतं. तोपर्यंत पाण्यात नायट्रेट १० ते २० आणि फॉस्फेट ०.५ ते १ मिलिग्रॅम प्रति लिटर राहील असं बघा.

जांभी माती पोषक द्रव्यं धरण्यातही फार बलवान नाही. तिच्यातलं मुख्य खनिज केओलिनाइट, त्याची धनायन (धन भाराची पोषक द्रव्यं) धरण्याची क्षमता १०० ग्रॅमला ३ ते १५ मिलिइक्विव्हॅलंट. काळ्या मातीतल्या माँटमोरिलोनाइट खनिजाची ८० ते १२०. म्हणून ही माती लोहासाठी वापरा, बाकीच्या पोषणाची भिस्त तिच्यावर ठेवू नका.

कोणत्या झाडांना फायदा होतो?

मुळांनी खाणाऱ्यांना: क्रिप्टोकोरीन, इकिनोडोरस, व्हॅलिस्नेरिया, निम्फिया. रोटाला, लुडविजियासारख्या खोडाच्या झाडांना थोडा. अनुबियस, जावा फर्न, शेवाळी (मॉस) यांना काहीच नाही. उलट अनुबियसचं आडवं खोड खडीखाली गाडलं तर कुजतं.

काचेतून खालचा थर काळा पडलेला दिसतो. विषारी झाला का?

बहुधा नाही. जिवाणू आधी प्राणवायू वापरतात, मग नायट्रेट, मग मँगनीज, मग लोह, आणि तेही कमी पडलं की सल्फेट. सल्फेटपासून हायड्रोजन सल्फाइड बनतो, तो खरोखर विषारी. पण शेजारी फेरस लोह भरपूर असेल तर दोन्ही मिळून आयर्न सल्फाइड होतं: काळं, न विरघळणारं, निरुपद्रवी. म्हणजे लोहयुक्त माती त्या विषाला जागीच बांधून ठेवते. माझ्या मते लाल माती वापरण्याचं हे लोहाइतकंच मोठं कारण आहे.

महिना-दीड महिना झालेल्या थराकडे टॉर्च लावून काचेतून नीट बघा. लाल माती ठिकठिकाणी राखाडी-हिरवट झालेली असते, मध्ये काळे डाग. आणि जिथून पांढरं मूळ गेलंय तिथे त्याच्याभोवती नारिंगी, गंजाची बारीक नळी दिसते. मुळं पानांकडून आलेला प्राणवायू बाहेर सोडतात, त्याने फेरसचं पुन्हा फेरिक होऊन मुळावर बसतं. असं चित्र दिसलं तर थर नीट चालू आहे.

काळजी कधी करायची? खडीत काडी खुपसल्यावर सडक्या अंड्याचा वास आला, झाडं उपटल्यावर मुळं काळी आणि लिबलिबीत निघाली, किंवा वरच्या खडीपर्यंत काळेपणा चढला तर. तेव्हा थर एकदम उकरू नका. त्या जागी मुळं जोमाने वाढणारी झाडं लावा, मेलेला पाला काढा, माशांचं खाणं कमी करा. मलेशियन ट्रम्पेट गोगलगाई वरची खडी भुसभुशीत ठेवतात.

पाण्यावर तेलकट इंद्रधनुषी तवंग येतो. तेल कुठून आलं?

बोट लावून पाहा. तेलाचा तवंग बाजूला होऊन लगेच पुन्हा जुळतो. हा तवंग फुटलेल्या काचेसारखे कोनदार तुकडे होऊन तरंगतो. म्हणजे वर आलेल्या लोहाचा आणि जिवाणूंचा तो पापुद्रा आहे, निरुपद्रवी. वृत्तपत्राचा कागद पाण्यावर टेकवून उचलला की निघतो. रोजच येत असेल तर वरची खडी कुठेतरी पातळ झाली आहे.

पानं पिवळी पडत आहेत. माती असूनही लोह कमी?

कुठली पानं, ते आधी बघा. कोवळी पानं फिकट आणि शिरा हिरव्या असतील तर लोह कमी. जुनी पानं सबंध पिवळी होत असतील तर नत्र. जुन्या पानांना टाचणीएवढी भोकं पडत असतील तर पालाश. खरोखर लोहच कमी असेल तर बहुतेकदा थर अजून नवा असतो, किंवा मुळं तिथवर पोचलेली नसतात. तोवर पाण्यातून चिलेट लोह ०.१ मिलिग्रॅम प्रति लिटर एवढं द्या. पाण्याच्या चाचणीत लोह शून्य आलं म्हणून घाबरू नका, ती चाचणी खडीखालचं काही सांगत नाही.

उलटही होतं. मातीत शेणखत किंवा कंपोस्ट मिसळलं की फेरस बेसुमार सुटतं: मुळं आखूड आणि तपकिरी, जुन्या पानांवर तांबूस ठिपके. आम्लधर्मी लाल जमिनीतल्या भातालाही हाच रोग होतो.

पीएच खाली जाईल का?

माती स्वतः थोडी आम्लधर्मी असते, पण १ किलो मातीने साधारण पाण्यात फारसा फरक पडत नाही. लक्ष ठेवायचं ते अगदी मृदू पाण्यात. कार्बोनेट कठीणता २ अंशांच्या खाली आणि वर कार्बन डायऑक्साइड सोडलेला असेल, तर पीएच साडेपाचच्या खाली जाऊ शकतो. तिथे मातीतलं ॲल्युमिनियम विरघळू लागतं आणि ते माशांच्या कल्ल्यांना घातक असतं. कार्बोनेट कठीणता २-३ अंशांवर ठेवली की प्रश्न मिटतो.

अंडरग्रॅव्हल फिल्टर किंवा तळाची हीटिंग केबल लागते का?

अंडरग्रॅव्हल फिल्टर (खडीखाली बसवायचा जाळीचा फिल्टर) आणि माती एकत्र नकोच. तो प्राणवायूचं पाणी थरातून खेचतो, लोह फेरिकच राहतं, आणि माती जाळीत जाऊन बसते. केबल लागत नाही.

कोणते मासे टाळायचे?

उकरणारे: गोल्डफिश, मोठे सिक्लिड, मोठे लोच. कोरिडोरस वरच्यावर हुंगतात, ४ सेमी खडी असेल तर चालतात.

झाड उपटताना माती वर येते. कसं काढायचं?

शक्यतो उपटू नका, खोडाशी कापा आणि मुळं आत राहू द्या. कुजणारी थोडी मुळं त्या जिवाणूंचं खाद्यच आहे. मोठा इकिनोडोरस काढायचाच असेल तर पाणी बदलण्याच्या दिवशी काढा. आधी सुरीने झाडाभोवती १० सेमी वर्तुळात मुळं तोडा, मग एका हाताने झाड अगदी सावकाश उचला आणि दुसऱ्या हाताने सायफनचं तोंड मुळांना लावून धरा, म्हणजे उसळलेली माती थेट बादलीत जाते. खड्डा त्याच वेळी नव्या खडीने भरा. एरवी साफसफाई करताना सायफन खडीत खुपसू नका, पृष्ठभागापासून सेंटिमीटरभर वर फिरवा.